जॅकेट किती सेकंद टिकतं?

सिग्नल्समध्ये नोकरी केलेल्या माणसाला डीआर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. डिस्पॅच रायडर. वायरलेस गप्प, लाईन तुटलेली आणि कागद तर पोचलाच पाहिजे, अशा वेळी मोटरसायकलला किक मारणारा गडी. मागे डीआर लोकांवर लिहिलं तेव्हा बऱ्याच माजी सैनिकांचे फोन आले. गंमत म्हणजे निम्म्यांना जुन्या डीआरमध्ये फारसा रस नव्हता. त्यांचं विचारणं दुसरंच होतं. पोरगा बुलेट घेऊन लडाखला निघालाय, नातू पुण्याहून स्पितीला जातोय, जॅकेट कुठलं घेऊ साहेब? एकाने तर सरळ विचारलं, "सतरा हजाराचं आणि पाच हजाराचं दोन्ही दिसायला सारखीच आहेत. फरक ओळखायचा कसा?"

प्रश्न बरोबर आहे. आणि त्याचं उत्तर दुकानात नाही, इतिहासात आहे. म्हणून आज तोच लिहितो.

आपल्याकडे कपड्याची परीक्षा हाताने होते. चिमटीत धरायचं, जाडी बघायची, वास घ्यायचा, वजन तोलायचं. जाड म्हणजे मजबूत. फौजेतही स्टोअरमधून कोट मिळाला की जवान आधी तो हातात तोलून बघतो. पण बुलेटप्रूफ जॅकेट असं कुणी तोलून घेतो का? ते जाड आहे की पातळ, याला काही अर्थ नाही. त्यावर गोळी झाडून बघतात. गोळी अडली का, आणि अडली तरी मागच्या बाजूला किती खड्डा पडला, हे मोजतात. त्यासाठी आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचं आयएस १७०५१ हे मानक २०१८ साली आलं. मोटरसायकलच्या जॅकेटवर मात्र कुणी तरी गोळी झाडावी, म्हणजे त्याला खरोखर रस्त्यावर घासून बघावं, हे सुचायला मोटरसायकलचा शोध लागल्यापासून जवळजवळ शंभर वर्षं गेली. तोवर जॅकेट बनत होती, विकली जात होती, सिनेमात झळकत होती, आणि त्यांच्या आतली माणसं पडत होती.

अगदी सुरुवातीला मोटरसायकलवाल्याचा असा वेगळा पोशाखच नव्हता. कमरेखाली घोडेस्वाराचं सामान: ब्रिचेस, चामड्याचे गेटर, उंच बूट. कमरेवर उघड्या विमानात बसणाऱ्या वैमानिकाचा लांब चामडी कोट. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनमध्ये कॉलेजची पोरं आपापल्या मोटरसायकली घेऊन डीआर म्हणून भरती झाली. फ्रान्सच्या चिखलात त्यांना हवं होतं ते एकच, कोरडं राहणं. रबर चढवलेले कोट आले ते पावसासाठी. पडल्यावर काय, हा प्रश्न कोटाच्या शिंप्याला कुणी विचारला नाही.

१९२८ साली न्यूयॉर्कच्या अर्विंग शॉट याने एक जॅकेट बनवलं आणि आपल्या आवडत्या सिगारचं नाव त्याला दिलं: परफेक्टो. लाँग आयलंडच्या हार्ले-डेव्हिडसनच्या दुकानात ते साडेपाच डॉलरला विकायला ठेवलं होतं. आज 'बायकर जॅकेट' म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं ते हेच. तिरपी चेन, रुंद कॉलर, कमरेला पट्टा, मनगटाला चेन. प्रत्येक गोष्टीला कारण होतं, आणि कारण बहुतेक ठिकाणी वारा हेच होतं. चेन तिरपी, कारण छातीवर चामड्याचा एक पदर दुसऱ्यावर येतो आणि वारा आत शिरत नाही. शिवाय टाकीवर वाकलं की चेन पोटात टोचत नाही. मनगटाची चेन बाहीतून वर चढणारा वारा अडवायला. चामडं घोड्याचं, जाड आणि चिवट. पडल्यावर त्या चामड्याचा उपयोग व्हायचा, नाही असं नाही. पण तो फुकटात पदरी पडलेला फायदा. बेत तसा नव्हता.

ब्रिटनमध्ये चामड्याऐवजी मेणकापड चाललं. तिथली हवा आपल्या महाबळेश्वरच्या जुलैसारखी, बारा महिने. बार्बर कंपनीने १९३६ साली इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल या शर्यतीसाठी मेण लावलेल्या सुती कापडाचा पोशाख बनवला आणि त्याच नावाने तो प्रसिद्ध झाला. बेलस्टाफचं ट्रायलमास्टर १९४८ सालचं. डाव्या छातीवर तिरका खिसा, तो नकाशा पटकन काढता यावा म्हणून. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश डीआरला रबर चढवलेला लांब कोट मिळायचा. त्याची खालची टोकं दोन्ही मांड्यांभोवती गुंडाळून बटणं लावली की कोटाची जणू विजार व्हायची. कल्पना झकास. बीएसए एम-२० किंवा नॉर्टन १६एचवर रात्रभर, दिवे झाकून, पावसात जाणाऱ्या माणसाला हा कोट म्हणजे घरच होतं. पण डांबरी रस्त्यावर घसरताना त्या रबरी सुती कापडाचं काय होत असेल, ते तुम्हीच विचार करा.

आता यातली एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण इथे इतिहासाने एक वळण घेतलं आणि अर्ध्यावर सोडलं.

टी. ई. लॉरेन्स, म्हणजे लॉरेन्स ऑफ अरेबिया. पहिल्या महायुद्धानंतर हा माणूस प्रसिद्धीपासून पळून रॉयल एअर फोर्समध्ये साधा एअरमन म्हणून भरती झाला. १९२७ आणि १९२८ ही दोन वर्षं त्याने कराचीत आणि नंतर वझिरिस्तानात मीरमशाहच्या किल्ल्यात काढली. म्हणजे अखंड हिंदुस्थानच्या पोस्टिंगवरचाच गडी. त्याला मोटरसायकलचं वेड होतं, तेही ब्रफ सुपीरियरचं, त्या काळातलं सगळ्यात महाग यंत्र. १३ मे १९३५ रोजी, नोकरीतून मोकळा झाल्यावर काही आठवड्यांतच, इंग्लंडमधल्या डॉर्सेटमध्ये घराजवळच्या रस्त्यावर त्याला सायकलवरची दोन मुलं उशिरा दिसली. रस्त्याला तिथे खोलगट उतार होता. त्यांना चुकवताना तो फेकला गेला. सहा दिवस बेशुद्ध होता, मग गेला. वय ४६. डोक्यावर काही नव्हतं.

त्याला बघायला बोलावलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा सर्जन होता. मूळचा ऑस्ट्रेलियाचा. हा मृत्यू त्याच्या मनातून गेला नाही. लवकरच युद्ध सुरू झालं, आणि केर्न्स मोजायला बसला. १९४१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याचा लेख आला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २२७९ मोटरसायकलस्वार आणि मागे बसणारे मेले होते. त्याच्या हाताखालून गेलेल्या जखमींपैकी हेल्मेट घातलेले फक्त सात होते, आणि त्या सातांतला एकही मेला नव्हता. सात हा आकडा लहान आहे, हे केर्न्सलाही दिसत होतं. तरी नोव्हेंबर १९४१ मध्ये ब्रिटिश सैन्याने ड्यूटीवरच्या मोटरसायकलस्वाराला क्रॅश हेल्मेट सक्तीचं केलं. साध्या नागरिकांना ही सक्ती व्हायला १९७३ उजाडलं. फौजेची शिस्त कधी कधी अशी कामी येते.

डोक्याला केर्न्स मिळाला. खांद्याला, कोपराला, पाठीला नाही मिळाला. हेल्मेट मोजलं गेलं, कोट तसाच राहिला. अंगावरच्या कपड्याच्या नशिबी तसा माणूस यायला आणखी चाळीस-पन्नास वर्षं लागली.

मधल्या काळात काय झालं? १९५० साली जेफ ड्यूक या रेसरने आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत अंगाला घट्ट बसणारा, वरखाली एकसंध असा चामडी सूट घातला. हा ड्यूकसुद्धा आपलाच भाऊबंद बरं का, रॉयल सिग्नल्सचा माणूस, त्यांच्या मोटरसायकल डिस्प्ले टीममध्ये सार्जंट होता. जबलपूरच्या आपल्या डेअरडेव्हिल्सच्या पोरांना हे आवडेल. आज शर्यतीत सगळे एकसंध सूट घालतात, कारण पडल्यावर जॅकेट वर सरकून पाठ उघडी पडत नाही. ड्यूकने मात्र तो शिवून घेतला वाऱ्याचा विरोध कमी करायला. पुन्हा वाराच.

मग १९५३ साली मार्लन ब्रँडोचा 'द वाइल्ड वन' आला आणि चामडी जॅकेट म्हणजे मवाली पोरगा असं समीकरण झालं. ब्रिटनमध्ये तर सेन्सॉरने तो सिनेमा कित्येक वर्षं अडवून ठेवला. याचा एक वाईट परिणाम आजही आहे. जॅकेट हे दिसण्याची वस्तू झालं. त्यानंतर जगातल्या फॅशनच्या दुकानांनी परफेक्टोसारखी दिसणारी लाखो जॅकेट विकली. चामडं पातळ, दोरा साधा, आत नुसतं रेशमी अस्तर. आपल्या जय-वीरूंनी तर शोलेत साइडकारवाल्या बीएसएवर तेवढाही खटाटोप केला नाही, डेनिमवर भागवलं.

पाठीचा विचार पहिल्यांदा शर्यतीच्या मैदानावर झाला. १९७५ साली डेटोनाला बॅरी शीनचं मागचं टायर ताशी २८० किलोमीटरच्या आसपास फाटलं. मांडी, हात, गळ्याचं हाड, बरगड्या, सगळं मोडलं. तो वाचला आणि काही आठवड्यांत पुन्हा गाडीवर बसला, पुढे दोनदा जगज्जेता झाला. १९७९ च्या सुमारास इटलीच्या लिनो डायनेझेने मार्क सॅडलर या डिझायनरला हाताशी धरून पाठीचं कवच बनवलं, शेवंडाच्या शेपटीसारखं, एकावर एक सरकणाऱ्या पट्ट्यांचं. पाठ पुढे वाकते, मागे वाकत नाही. ते वापरणाऱ्या पहिल्यांमध्ये शीन होता. कोकणातल्या वाचकांना शेवंड सांगायला नको. बाकीच्यांनी मोठी कोळंबी समजावी.

१९८१ साली अमेरिकेत हॅरी हर्टचा अहवाल आला. लॉस एंजेलिसमधल्या ९०० अपघातांच्या जागी त्याची टीम स्वतः गेली होती, शिवाय पोलिसांचे ३६०० अहवाल तपासले. दोन गोष्टी त्यातून आपल्या कामाच्या. अपघाताआधीचा मधला वेग निघाला ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे माणसं हायवेवर भन्नाट वेगात नाही, शहरातल्या साध्या वेगात पडतात. दुसरं, जाड जॅकेट, बूट, हातमोजे सोलवटणं आणि कापणं चांगलं अडवतात. पण अशा जखमा वारंवार होत असल्या तरी क्वचितच गंभीर असतात, असंही हर्टने लिहून ठेवलं. हे वाक्य जॅकेट विकणारे सांगत नाहीत. जॅकेट घातलेला माणूस अमर होत नाही. समोरच्या ट्रकला धडकला तर छातीचं आणि पोटाचं काय होईल, ते कापड ठरवत नाही.

मग जॅकेट करतं काय? इथे थोडं गणित करू, नाईक-हवालदारांच्या कॅडरच्या क्लाससारखं. गाडी घसरली की माणूस साधारण एक मीटर उंचीवरून खाली येतो. वेग ताशी ३० असो की ९०, खाली पडण्याचा उभा दणका उंचीवर ठरतो, सुमारे ताशी १६ किलोमीटर. हा पहिला मार खांदा, कोपर, ढुंगण, गुडघा यांना. त्यानंतर घसरणं, आणि ते वेगावर अवलंबून. ५० च्या वेगाने पडलेला माणूस कोरड्या डांबरावर साधारण १४ मीटर घसरतो, दोन सेकंद. ८० च्या वेगाने ३५ मीटर, तीन सेकंदांहून थोडं जास्त. म्हणजे जॅकेटची सगळी कामगिरी या दोन-तीन सेकंदांची. एवढा वेळ त्याने फाटू नये, शिवण उसवू नये, पॅड जागचं हलू नये. त्यानंतर ते चिंध्या झालं तरी चालेल, नवं घेता येतं.

आणि हे सेकंद मोजणारा माणूस केंब्रिजमध्ये भेटला. डॉ. रॉडरिक वुड्स. पेशाने शरीरशास्त्राचा अभ्यासक. त्याने अपघातात सापडलेले कपडे गोळा केले, कुठे फाटले, कुठे घासले, शरीराच्या कुठल्या भागाला किती मार बसला हे नकाशासारखं मांडलं. मग एक यंत्र बनवलं: फिरणारा पट्टा, त्यावर ६० नंबरचा खरखरीत पॉलिश पेपर, वेग सेकंदाला आठ मीटर. त्यावर कापडाचा तुकडा सोडायचा आणि आरपार भोक पडायला किती वेळ लागतो ते बघायचं. सुताराने प्लायवूड घासावं तसंच, फक्त घड्याळ लावून. साधी जीन्स एका सेकंदाच्या आसपास आरपार जाते. या कामावरून युरोपचं ईएन १३५९५ हे मानक २००२ साली निघालं. खांदा, कोपर, गुडघा, ढुंगण इथे पहिल्या पातळीला चार सेकंद, दुसऱ्या पातळीला सात. छाती-पोटासारख्या कमी घासणाऱ्या जागी एक-दीड सेकंद पुरे. कपडा सगळीकडे सारखा जाड असायची गरज नाही, योग्य जागी असायला हवा, हे पहिल्यांदा आकड्यांत लिहिलं गेलं.

पुढची गोष्ट ऐकून सरकारी कागदपत्रांत आयुष्य घालवलेल्या लोकांना हसू येईल. या मानकाच्या नावातच 'व्यावसायिक मोटरसायकलस्वारांसाठी' असं होतं. म्हणजे पोलीस, कुरियर, असे. त्यामुळे बहुतेक कंपन्यांनी साधा मार्ग काढला: आमचं जॅकेट संरक्षणाचं नाहीच, ते थंडी-वाऱ्याचं आहे, असं म्हणायचं आणि चाचणी टाळायची. आत बसवलेल्या पॅडवर मात्र चाचणीचा शिक्का होता, कारण पॅडचं मानक वेगळं. दुकानदार तो शिक्का दाखवून म्हणायचा, हे बघा, सीई आहे. पॅड सीई, जॅकेट नाही. ही चलाखी पंधरा वर्षं चालली आणि आपल्या बाजारात आजही चालते. करोल बागेत मी हे दोनदा ऐकलंय.

पॅडचं मानक म्हणजे ईएन १६२१. १९९७ पासूनचं. पाच किलोचं वजन मीटरभरावरून पॅडवर सोडतात आणि पलीकडे किती जोर पोचला ते मोजतात. खांदा-कोपराच्या पॅडला पहिल्या पातळीत सरासरी ३५ किलोन्यूटनपेक्षा जास्त पोचू नये, दुसऱ्या पातळीत २०. किलोन्यूटन म्हणजे अंदाजे शंभर किलोचा भार; तेव्हा ३५ म्हणजे साडेतीन टन, क्षणभरासाठी. ऐकायला भयंकर आहे, आणि ते आहेच. पाठीचं पॅड वेगळ्या, कडक हिशेबाने मोजतात: पहिली पातळी १८, दुसरी ९. म्हणून पहिली आणि दुसरी पातळी यांत नुसता नंबराचा फरक नाही, जवळपास दुपटीचा आहे. जॅकेटमागे हजार-दीड हजार वाचवून पहिल्या पातळीचं पाठीचं पॅड घेणं मला पटत नाही.

युरोपने २०१८ मध्ये नियम कडक करून पळवाट बुजवली, आणि २०२० मध्ये जुन्या मानकाच्या जागी ईएन १७०९२ आलं. त्यात जॅकेटच्या श्रेणी: एएए, एए, ए, बी, सी. इथे यंत्र वेगळं. तुकडा फिरत्या हाताला लावून गरगर फिरवतात आणि काँक्रीटच्या लादीवर सोडतात; थांबेपर्यंत पाच मिलिमीटरपेक्षा मोठं भोक पडायला नको. खांदा-कोपराच्या जागी एएए म्हणजे ताशी १२० च्या बरोबरीचा वेग, एए म्हणजे ७०, ए म्हणजे ४५. बी मध्ये पॅडच नाही. सी मध्ये उलट, फक्त पॅड धरून ठेवणारी जाळी, घासण्यापासून संरक्षण नाही. केंब्रिजच्या जुन्या चाचणीचे पाठीराखे म्हणतात की नवं मानक कंपन्यांना सोयीचं झालंय. ए श्रेणीपुरतं मलाही तसंच वाटतं. ४५ च्या वेगाला पुरणारं जॅकेट घालून कुणी मनाली-लेह रस्त्यावर निघत असेल तर त्याला निदान ते माहीत असावं. आणि हो, एएए असलं तरी पाठीचं पॅड आत असलंच पाहिजे असा नियम नाही. बहुतेक जॅकेटांत पाठीच्या खिशात फोमचा पातळ तुकडा येतो, चप्पलच्या तळासारखा. तो जागा भरायला असतो.

हे सगळं प्रयोगशाळेतलं. रस्त्यावर काय? २०११ साली ऑस्ट्रेलियात लिझ डी रोम हिच्या गटाने कॅनबेरा परिसरात पडलेल्या २१२ मोटरसायकलस्वारांचा अभ्यास छापला. संरक्षणाचं जॅकेट घातलेल्यांना हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ कमी आली. पण त्याच अभ्यासात दुसरा आकडा आहे: अपघातात सापडलेल्या जॅकेटांपैकी २९.७ टक्के फाटली किंवा उसवली. मोटरसायकलसाठी म्हणून विकलेली जॅकेट, दहातली तीन. यानंतर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने मोटोकॅप सुरू केलं. हे लोक दुकानातून गुपचूप कपडे विकत घेतात, केंब्रिजच्या यंत्रावर घासतात आणि तारे देतात. कंपनीला विचारत नाहीत. फौजेत सरप्राइज चेक म्हणतात तेच. किंमत आणि तारे यांची सांगड बसतेच असं नाही, हे त्यांची यादी चाळल्यावर लक्षात येतं.

आता सतरा हजार आणि पाच हजाराचं जॅकेट समोर आहे. आधी चेन उघडून आतलं लेबल बघा. मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र, मानकाचा नंबर आणि श्रेणी. फक्त सीई लिहिलंय आणि पुढे काही नाही, तर तो पॅडचाच शिक्का असण्याची शक्यता जास्त. मग पॅड बाहेर काढा. दुकानदार कुरकुरला तरी काढा. त्यावर ईएन १६२१-१, खांद्याला एस किंवा कोपराला ई, आणि १ की २ हे कोरलेलं असतं.

नंतर शिवण. मला विचाराल तर जाडीपेक्षा शिवण दहा वेळा महत्त्वाची. शिवण उसवली की आतलं उत्तम चामडं केळ्याच्या सालीसारखं बाजूला होतं. खांद्यावरून बाहीकडे जाणारी शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघा. टाक्यांमधून उजेड दिसला तर ठेवून द्या. एकच ओळ आणि तीही वरून उघडी दिसणारी असेल तर रस्ता आधी तो दोरा कापणार, कारण उंचवट्यावर तोच आहे. चांगल्या जॅकेटात टाक्यांची एक ओळ तरी आत दडवलेली असते. खांद्याच्या गोलाईवर आणि कोपरावर जितके कमी तुकडे जोडलेले तितकं बरं. रंगीबेरंगी पट्ट्या लावायच्या हौसेपायी नेमक्या तिथेच चार शिवणी घालणारे महाभाग आहेत. चामडं असेल तर सव्वा ते दीड मिलिमीटर ठीक, आणि कापलेली कड बघा: पांढरट, तंतू सुटलेली, वर प्लॅस्टिकचा थर दिसला तर ते चामड्याच्या भुशाचं आहे.

शेवटी अंगावर. पूर्ण चेन लावून गाडीवर बसल्यासारखे हात पुढे करा, आणि बरोबरच्या माणसाला कोपराचं पॅड धरून फिरवायला सांगा. ते कोपरावरून सरकलं तर पहिल्या दणक्यातच सरकणार. मग त्यावर १ आहे की २, सगळं व्यर्थ. एक साइझ मोठं घेऊन आत स्वेटर घालू, हा आपला जुना फौजी हिशेब इथे उलटा पडतो. उन्हाळ्यात स्वेटर नसतो, आणि पॅड मनगटाकडे आलेलं असतं.

हवेची गोष्ट युरोपच्या मानकांत तळटीपेसारखी येते, आपल्याकडे ती मुख्य आहे. मऊ, बोटाने दाबलं की हळूहळू भरून येणारे जे पॅड असतात ते थंडीत कडक आणि उकाड्यात लिबलिबीत होतात. म्हणून पॅडची चाचणी वाटल्यास ४० अंश आणि उणे १० अंशांवरही घेतात, आणि पास झालं तर त्यावर 'टी' पुढे अधिक किंवा उणे असं चिन्ह असतं. जैसलमेरला पोस्टिंग झालेल्याने अधिक बघावं, लेहवाल्याने उणे. आणि ही चिन्हं नसलेलं पॅड जानेवारीत पूर्व लडाखला न्यायचं असेल तर एक रात्र फ्रीजरमध्ये ठेवून सकाळी हातात वाकवून बघा. चाचणी नव्हे ही, पण बरंच कळतं. जाळीदार जॅकेटांबद्दल लोक नाकं मुरडतात. मेच्या महिन्यात झाशीहून ग्वाल्हेरला जाणाऱ्याला मी तरी खांदा-कोपरावर भरीव कापड असलेलं जाळीदारच सांगेन. एएएचं चामडं घामाच्या भीतीने हँडलला बांधून नेलं तर त्याची श्रेणी शून्य. मोटोकॅपवाले घासण्याच्या ताऱ्यांबरोबर उकाड्याचेही तारे वेगळे देतात, ते याचसाठी.

एअरबॅगचं थोडक्यात. २०१८ पासून मोटोजीपीच्या रेसरना ती सक्तीची आहे, आणि आता रस्त्यावरच्या माणसासाठीही जाकिटासारखी मिळते. छाती आणि पाठ या दोन्हींसाठी पॅडपेक्षा ती पुष्कळ सरस. किंमत मात्र अजून सुभेदाराच्या पेन्शनला झेपणारी नाही.

कायद्याचं म्हणाल तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ डोक्याबद्दल बोलतं. हेल्मेट आयएसआय मार्कचं हवं, आयएस ४१५१ प्रमाणे. जॅकेटबद्दल ते कलम गप्प आहे. त्यामुळे लेहच्या बाजारात गाडीबरोबर भाड्याने मिळणाऱ्या जॅकेटच्या कोपरात काय भरलंय, हे बघायचं काम भाड्याने घेणाऱ्याचंच. मागच्या पोस्टिंगला एका जवानासाठी असं एक उघडून बघितलं होतं. आत पॅकिंगचा थर्माकोल होता, कात्रीने गोल कापलेला.